लाल ठिपक्याचा पेला

चैतालीने सोनूची हनुवटी दोन बोटांत धरून तोंड खिडकीकडे वळवलं आणि मोबाईलचा टॉर्च लावला.

"हलू नकोस."

"मम्मी, डोळ्यात जातोय."

"मग मीट डोळे."

सोनूने डोळे गच्च मिटले. चैतालीने उजव्या हाताचं पहिलं बोट हनुवटीपासून गालापर्यंत हळूहळू फिरवलं, निवडलेल्या तांदळात खडा राहिलाय का बघावं तसं. डोळ्यांपेक्षा तिचा बोटावर भरवसा होता. विचारात असली की ती नखाच्या कडेची कातडी दातांनी कुरतडायची. तिथे जरा जाड, खरखरीत झालं होतं. माउसचा घट्टा असेल, म्हणून तिने ते सोडून दिलं होतं.

हनुवटीवर तीन. गालावर पाच. परवा गालावर चारच होत्या.

राजगिऱ्याच्या दाण्याएवढ्या, चपट्या, कातडीच्याच रंगाच्या. दुसऱ्या कुणाला दाखवायला गेलं तर दिसायच्याही नाहीत. चैतालीला मात्र आता सोनूचा चेहरा दिसायचाच नाही, त्या आठच दिसायच्या.

"किती?" सोनूने मिटल्या डोळ्यांनीच विचारलं.

"काही नाही. जा, दूध पी."

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंची वेळ बारा दिवसांनंतरची मिळाली होती. तोवर हातावर हात ठेवून बसणं चैतालीच्या स्वभावात नव्हतं. तिने बी.एस्सी. केलं होतं, चामखीळ म्हणजे विषाणू, तो ओल्या टॉवेलवरून येतो, ओरखड्यातून शिरतो आणि बघता बघता पसरतो, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तो घरात कुठून आला, हेही कुणी सांगायला नको होतं.

तिच्या सासूबाईंच्या, हिराबाईंच्या मानेवर, कपाळाच्या कडेला आणि डाव्या डोळ्यापाशी मिरीएवढ्या काळ्या-तपकिरी चामखिळी होत्या. सोनू तान्ही असल्यापासून आजीच्या मानेवरची एक चाचपत झोपायची. तिला ती ‘आजीचा मणी’ म्हणायची.

मणी आधी बंद झाला. मग पापा. मग टॉवेल वेगळा, साबण वेगळा, उशी वेगळी. पेल्याचं सांगायला मात्र चैतालीला दोन दिवस लागले. दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीतलं दोन खोल्यांचं घर, त्यात माणसं चार. एकमेकांना चुकवून काही करता येत नाही. शेवटी तिने स्टीलच्या एका पेल्याच्या काठाखाली नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला आणि तो वाळेपर्यंत फुंकर घालत उभी राहिली.

"आई, राग मानू नका हं. सोनूचं बरं होईपर्यंतच. आणि माठाला हात लावायच्या आधी तेवढे हात साबणाने—"

"राग कसला?" हिराबाई लसूण सोलत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही. "माझा पेला कुठला, तेवढं दाखव."

चैतालीने पेला दाखवला. तो मांडणीवरच, इतरांच्या शेजारी ठेवायचा, असं तिच्या मनात होतं. हिराबाईंनी लसणाचे हात पदराला पुसले, पेला उचलला, मोरीच्या खिडकीत बाहेरच्या बाजूला नेला आणि पालथा घातला. त्यांना जागा शोधावी लागली नाही.

"आई, तिकडे कशाला, मांडणीवर..."

"ऱ्हाऊ दे. हितं बरं हाय."

लॅपटॉपवर खराडीच्या ऑफिसातला कुणीतरी चैतालीचं नाव घेऊन बोलवत होता. ती गेली. पेला तिथेच राहिला.

रात्रपाळीला निघण्याआधी जेवताना तिच्या नवऱ्याने, समाधानने टॉवेलच्या दोरीकडे बघितलं. तीन टॉवेल एकत्र, चौथा दाराबाहेर खिळ्याला. हा खिळा चैतालीने ठोकलेला नव्हता.

"आईला सांगितलंस?"

"सांगितलं ना. डॉक्टरकडे जाईपर्यंतच आहे."

"काय म्हणाली?"

"काहीच नाही."

समाधानचा घास हातात राहिला. मग त्याने तो खाल्ला. "काहीच म्हणाली नाही का," एवढंच तो म्हणाला, आणि भोंगा व्हायला अजून वीस मिनिटं होती तरी उठला.

पाण्याचा आवाज चैतालीला त्यानंतर ऐकू यायला लागला.

दुपारी, हेडफोनच्या आत, माणसांच्या बोलण्याच्या फटीतून तो यायचा. थेंबांचा नव्हता. बारीक, लांब, न तुटणारा. कुणीतरी फार उंचावरून दोरा सोडावा तसा. मग एकदम थांबायचा. मग पुन्हा. हेडफोन काढून ती स्वयंपाकघरात गेली की सगळं जागच्या जागी असायचं. सोनू फरशीवर चित्र काढत बसलेली, हिराबाई भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेल्या. मोरीजवळची फरशी मात्र ओली असायची, आणि ओल्या फरशीवर पावलं उठलेली असायची, लहान.

"नळ गळतोय का आई?"

"न्हाई बाई."

शनिवारी तिने वसाहतीतल्या संतोष प्लंबरला बोलावलं. त्याने नळ उघडला, बंद केला, खाली बोट धरून अर्धा मिनिट उभा राहिला आणि कोरडं बोट तिला दाखवलं.

"ठणठणीत आहे वहिनी."

"पण दुपारी आवाज येतो. रोज."

"वॉशर बदलून देतो म्हणाल तर देतो, आपलं काय जातंय. कानाचं काम मात्र आम्ही घेत नाही."

हिराबाई हसल्या. सोनूही हसली. त्या दोघींनी एकमेकींकडे बघितलं, आणि त्या बघण्यात काहीतरी असं होतं की चैतालीला आपल्याच घरात दाराबाहेर उभं असल्यासारखं वाटलं.

त्या दिवसांत तिला वेणूबाई आठवायला लागली. चैतालीच्या शाळेच्या फाटकाशी टोपली घेऊन बसणारी. तिच्या चेहऱ्यावर इतक्या चामखिळी होत्या की डोळे कुठे संपतात ते कळायचं नाही. एकदा वेणूबाईने पैसे न घेता पेरू पुढे केला होता, तिखटमीठ लावून. "घे गं बाय." चैतालीने दोन्ही हात पाठीमागे नेले होते. वेणूबाईचा हात मात्र किती तरी वेळ तसाच पुढे. पंचवीस वर्षांत चैतालीला ती कधी आठवली नव्हती. आता सकाळी टॉर्च लावला की सोनूच्या गालाआडून तीच बघायची, आणि चैतालीचं बोट अधिकच जोराने फिरायचं.

"दुखतं मम्मी."

"झालंच."

मंगळवारी ओटा पुसताना तिचा हात मोरीच्या खिडकीपर्यंत गेला. लाल ठिपक्याचा पेला पालथाच होता. बुडावर धूळ होती. उचलला तर आतून कोळ्याचं जाळं काठापासून खिडकीपर्यंत ताणलं गेलं आणि तुटलं. दिवस एप्रिलचे. माठाचं पाणी दुपारपर्यंत निम्म्यावर येत होतं.

"आई, तुम्ही पाणी पिता ना?"

"पिते की."

"कशाने पिता?"

"सोनू देते," हिराबाई म्हणाल्या आणि कोथिंबिरीची जुडी सोडायला लागल्या.

बुधवारी दुपारी वीज गेली. मिटिंग अर्ध्यावर तुटली, पंखा कण्हत थांबला आणि सगळ्या वसाहतीत एक मोठी शांतता पसरली. त्या शांततेत तो आवाज इतका स्वच्छ आला की चैताली चप्पल न घालता उठली.

सोनू मोरीच्या कट्ट्याजवळ स्टुलावर उभी होती. दोन्ही हातांत तांब्या. खाली हिराबाई उकिडव्या बसल्या होत्या, पदर खोचलेला, ओंजळ तोंडाशी, दोन्ही कोपरं पाखराच्या पंखांसारखी वर उचललेली. डोळे मिटलेले. उंचावरून धार येत होती आणि एक थेंबही बाहेर न जाता ओंजळीत पडत होती.

"बास?" सोनूने विचारलं.

हिराबाईंनी मान हलवली. धार थांबली.

"तांब्याला हात लावायचा नाही हं आजी. लावला की तू आउट."

"न्हाई लावत बाई. लावला कधी?"

"त्या शिपायाचं सांग."

"किती येळा सांगू?"

"सांग ना."

"काय सांगायचं? शाळेत माठ व्हता. आमी शिवायचा न्हाई. शिपाई वरून वतायचा, तुझ्यापेक्षा लई उंचावरून. कधी नाकात जायचं, कधी डोळ्यात. तू त्याच्यापेक्षा चांगलं वततीस."

"आणि तो रजेवर असला की?"

"मग तहान."

"मग?"

"मग दुसऱ्या दिवशी."

सोनू खुदकन हसली. हे उत्तर तिला पाठ होतं आणि तरी आवडत होतं. तिने माठात ओगराळं बुडवून तांब्या पुन्हा भरला.

चैताली दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. लग्नाला सात वर्षं झाली होती. हिराबाईंच्या गावच्या विहिरीचं, जात्याचं, भावकीच्या भांडणांचं तिने पुष्कळ ऐकलं होतं. हे कधी ऐकलं नव्हतं. तिच्या माहेरी वडील बँकेत, आजोबाही नोकरीतच. असल्या गोष्टी त्यांच्या घरात कपाटातल्या पुस्तकांत होत्या. चौदा एप्रिलला त्यातलं एखादं बाहेर निघायचं, कुणी तरी व्यासपीठावरून त्यातलं वाचायचं, सगळे गप्प व्हायचे, आणि पुस्तक परत कपाटात जायचं. धारेचा आवाज कसा असतो हे पुस्तकात नव्हतं.

आत जावं, तांब्या काढून घ्यावा, काहीतरी म्हणावं, असं तिला वाटलं. ती आली तशी मागे गेली.

संध्याकाळी तिने खिडकीतून पेला काढून आणला. अंगठ्याच्या नखाने लाल ठिपका खरवडायला घेतला. निम्मा निघाला. मग तिचं लक्ष सोनूकडे गेलं. ती दिव्याखाली बसली होती, आणि तिरप्या उजेडात गालावरचे पाचही दाणे सावल्यांसकट उठून दिसत होते. चैतालीचा हात थांबला.

उद्या डॉक्टरकडे जायचंच आहे. एवढे दिवस गेले, आजचा एक. उद्या त्या म्हणतील तसं.

निम्म्या ठिपक्याचा पेला तिने परत खिडकीत ठेवला. पालथा.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, चष्मा गळ्यात, बोलणं मोजकं. त्यांनी सोनूला खुर्चीत बसवलं, भिंग लावलं आणि गालाला हात न लावता बघितलं.

"ओरखडलं होतं का इथे?"

"खेळताना. महिना झाला."

"त्याच रेषेत आल्यात बघा. एकीमागे एक. घरात आणखी कुणाला आहेत?"

चैतालीने तयारी करून आणली होती. तिने मोबाईल पुढे केला. हिराबाईंच्या नकळत काढलेले फोटो होते ते, झोपेतले. मानेचा, कपाळाचा, डोळ्याजवळचा.

डॉक्टरीणबाईंनी फोटो मोठा करून बघितला. "वय काय ह्यांचं?"

"अडुसष्ट."

"मग ह्या वयाच्या आहेत. केस पिकतात तशा. नाव आपण चामखीळच देतो, पण ह्या कुणाच्या कुणाला लागत नाहीत." त्यांनी मोबाईल परत दिला. "आणखी कोण?"

"आणखी कुणालाच नाही."

"तुमचे हात बघू."

चैतालीने तळवे पुढे केले. डॉक्टरीणबाईंनी ते उलटे केले, उजव्या हाताचं पहिलं बोट उजेडात धरलं आणि नखाच्या कडेवर भिंग ठेवलं. त्या वर बघेपर्यंत फार वेळ गेला. निदान चैतालीला तसं वाटलं.

"नखं खाता?"

"कधी कधी."

"हिच्या तोंडाला हात लावून बघता? किती आल्या, किती गेल्या?"

"रोज," चैताली म्हणाली. "सकाळी आणि संध्याकाळी."

"ह्याच बोटाने?"

चैतालीने ते बोट मुठीत घेतलं.

"घाबरण्यासारखं काही नाही," डॉक्टरीणबाई लिहू लागल्या. "पोरांच्या बऱ्याचदा आपोआप जातात, थोडे महिने लागतात. नखं कापा, टॉवेल ज्याचा त्याचा, खाजवायचं नाही. तुमच्या बोटाला हे औषध, वर पट्टी. आणि चाचपणं बंद. निम्मं औषध तेच आहे."

"मम्मीला पण चामखीळ आहे?" सोनूने विचारलं.

"आहे ना. तुला दिली ती तिनेच," डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या. त्यांनी ते प्रेमाने म्हटलं होतं.

बाहेर रस्ता ओलांडायचा होता. सोनू रस्त्यावर नेहमी आईचं तेच बोट धरायची, तिच्या मुठीत तेवढंच मावायचं. चैतालीने सवयीने हात खाली केला आणि लगेच दुसरा पुढे केला. सोनूने दोन्हीकडे बघितलं. मग तिने आईच्या ओढणीचं टोक धरलं, आणि गाड्यांमधून दोघी पलीकडे गेल्या.

घरी हिराबाई दार उघडून बाजूला झाल्या. हल्ली सोनू आत येताना त्या अशाच भिंतीला लागून उभ्या राहायच्या.

"काय म्हणाली डॉक्टरीण?"

"बरी होईल म्हणाल्या." चैतालीने चप्पल काढली, पर्स ठेवली, पुन्हा उचलली. "आई, तुमच्यामुळे नव्हतं ते. तुमच्या नुसत्या वयाच्या आहेत. कुणाला लागत नाहीत."

"बरं झालं की मग."

"माझ्यामुळे झालं. ह्या बोटामुळे."

हिराबाईंनी पट्टी बांधलेल्या बोटाकडे बघितलं. त्या काही तरी बोलतील म्हणून चैताली थांबली. रागावतील, हसतील, निदान एक टोमणा. ती टोमण्याची वाट बघत होती.

"उन्हातनं आलीस," हिराबाई म्हणाल्या. "पाणी पी." आणि आतल्या खोलीत सोनूचा गणवेश बदलायला गेल्या.

चैतालीचा घसा खरंच कोरडा पडला होता. ती माठाशी गेली. झाकण काढलं, ओगराळ्याकडे हात नेला.

"हात नको लावू!"

सोनू अर्धा फ्रॉक घातलेली, धावत आली. तिने आईच्या आणि माठाच्या मध्ये अंग घातलं. मग कोपऱ्यातलं स्टूल ओढत आणलं, फरशीवर त्याचा कर्रकर्र आवाज झाला. ओगराळ्याने तांब्या भरला, दोन्ही हातांनी उचलला आणि स्टुलावर चढली. सगळं अगदी सवयीचं, गंभीरपणाने.

"मम्मी, खाली बस."

"सोनू, आजीला नाहीये आता काही. आपण सगळे एकाच—"

"आजीला नाहीये. पण तुला आहे ना? बस. ओंजळ कर."

पोरीच्या आवाजात राग नव्हता. भीतीही नव्हती. नियम होता, आणि तो पाळायचा होता, एवढंच.

चैताली बसली. मोरीच्या ओल्या फरशीवर उकिडवी, नवीन कुर्ता गुडघ्यांखाली घेऊन. दोन्ही हात जोडून तिने तोंडाशी धरले. वरून धार आली. पाणी गार होतं, आणि तो आवाज, इतके दिवस हेडफोनच्या बाहेर असलेला, आता अगदी तिच्या तोंडाशी होता. बोटांच्या फटींतून पाणी निसटलं. हनुवटीवरून गळ्यात गेलं, मनगटावरून बाह्यांत शिरलं. घोट घेण्याच्या आत ओंजळ रिकामी झाली.

"सांडलंस," सोनू म्हणाली. "आजी नाही सांडत. तुला येतच नाही."

आतल्या खोलीच्या दारात हिराबाई येऊन उभ्या होत्या. त्यांच्या हातात सोनूचा शाळेचा गणवेश होता. चैतालीला वाटलं, आता त्या पुढे होतील. तांब्या काढून घेतील, पोरीला एक धपाटा घालतील, मांडणीवरचा कुठलाही पेला भरून पुढे करतील. तिने ओंजळ तशीच धरून त्यांच्याकडे बघितलं.

हिराबाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांची नजर चैतालीच्या तोंडावर नव्हतीच, हातांवर होती. किती तरी वेळ त्या हातांकडेच बघत राहिल्या, दुसऱ्याच कुणाचे तरी हात असल्यासारखं.

"कोपरं वर घे, चैताली," त्या म्हणाल्या. "न्हाईतर पाणी बाहीत जातं."

चैतालीने कोपरं वर घेतली. सोनूने तांब्या तिरका केला.